मुंगीताईने न मोजलेलं घर

तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. रक्त द्यायला समोर कुणीही बसो, पहिलवान असो की नुकतं शाळेत जाऊ लागलेलं पोर, ती एकच वाक्य म्हणायची, "काही नाही, मुंगी चावेल." आणि खरोखर तेवढंच व्हायचं. दवाखान्यात तिला सगळे मुंगीताई म्हणू लागले, मग तिच्या घरचेही मुंगी म्हणू लागले. वयाने ती माझ्याहून लहान. तोंडावर मी "अहो ताई" म्हणत असलो तरी मनातल्या मनात माझ्यासाठी ती "ती"च आहे, आणि इथेही तसंच सांगणार आहे.

मी दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. गाडी चालवणं हे माझं काम, पण साथीच्या त्या वर्षी बर्फाची पेटी उचलून लोकांचे जिने चढणंही माझ्याच गळ्यात पडलं. माझ्या गुडघ्यांना याबद्दल कुणी विचारलं नाही. नोकरीत गुडघ्यांचं मत घ्यायची पद्धत नसते. पेटीच्या निमित्ताने मी तिच्या मागोमाग घराघरांत गेलो, म्हणून हे सगळं मला माहीत आहे. नाहीतर मी आपला गाडीत डुलक्या घेत बसलेला माणूस.

तिची खरी करामत होती शीर शोधण्यात. इतरांनी दोन-तीनदा टोचून हात टेकले की हिला बोलावणं यायचं. ती डोळ्यांनी शोधायचीच नाही. दंडाला पट्टा बांधायची, कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत त्या माणसाला काहीतरी भलतंच विचारायची, भाजी महाग झाली का वगैरे. बोलता बोलता बोटं थांबायची. तिथे सुई. माणूस भाजीचा भाव सांगत असतानाच नळी भरलेली असायची.

या हाताचा तिला अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवला नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही. रिकामी नळी परत आणणं तिला पाहुण्याला उपाशी परत पाठवल्यासारखं वाटायचं. "माझ्या पेटीत रिकामी नळी कधी बघितलीत का दादा?" असं ती मला अधूनमधून विचारायची. मी नाही म्हणायचो, कारण खरंच बघितली नव्हती.

साथीची पहिली लाट ओसरली तेव्हा वरच्या लोकांना प्रश्न पडला, की हा विषाणू नक्की किती जणांना भेटून गेला? जे आजारी पडून दवाखान्यात आले ते मोजलेले होते. पण ज्याचं नुसतं नाक वाहिलं, किंवा तेही वाहिलं नाही, त्याचा हिशेब कोण ठेवणार? तो रक्त ठेवतं. विषाणूशी शरीर झुंजलं की त्या झुंजीच्या अँटिबॉडी काही महिने तरी रक्तात मागे राहतात. त्या सापडल्या म्हणजे विषाणू येऊन गेला, नाही सापडल्या म्हणजे बहुतेक त्याची गाठ अजून पडायची आहे. सगळ्या शहराचं रक्त काही काढता येत नाही. म्हणून थोड्या घरांतलं घ्यायचं आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज करायचा, असं ठरलं. आमच्या दवाखान्यातून जी पथकं निघाली त्यातलं एक म्हणजे मुंगीताई, मी आणि पेटी.

निघण्याआधी एक दिवस शिकवणी झाली. शिकवायला आकडेवाल्या बाई आल्या होत्या. बारीक आवाजाच्या, आणि आपलं कुणी ऐकत नाहीये याची सवय झालेल्या. त्यांनी सांगितलं, की घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आहेत. निवडलेल्या दारात जायचं, घरात मोठी माणसं किती ते विचारायचं, त्यांच्यातूनही चिठ्ठी टाकूनच एक जण निवडायचा. शितावरून भाताची परीक्षा करतात, तेच आपण करणार आहोत, त्या म्हणाल्या, फक्त शीत कुठलं घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. वरचं शीत हाताला पटकन लागतं, पण नुसतं वरचंच चाखलं तर तळाचा भात कच्चा आहे की करपलाय ते कळत नाही. घर बंद असलं तर पुन्हा जा, मग अजून एकदा जा. तरी नाही उघडलं तर "बंद" असं लिहा आणि पुढे चला. शेजारच्या घरात शिरायचं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, मग नळ्या कमी भरतील.

"कमी भरू देत," बाई म्हणाल्या. "बंद दार हेसुद्धा एक उत्तर असतं."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं?

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे मुंगीताईची थोरली बहीण. दोघींची आई लवकर गेली. धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिला हे रक्त काढायचं शिक्षण देण्यापर्यंत सगळं अक्कांनी केलं. सुई टोचायचा सराव करायला धाकटीला हात हवा होता, तोही अक्कांनी आपलाच दिला, आणि महिनाभर कोपर झाकून वावरल्या. अक्कांचे यजमान रंगारी. आयुष्यभर लोकांच्या भिंती घासल्या, लोकांच्या घरांना रंग दिले, आणि त्या भिंतींची धूळ स्वतःच्या छातीत साठवली. हातातलं काम सुटलं तरी जिना चढताना त्यांचा श्वास शिटीसारखा वाजायचा. हा विषाणू त्यांना झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मग अक्कांनी दार लावलं. लस येईपर्यंत उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि अक्कांनी ठरवलं म्हणजे ठरवलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली यायची. तिच्यात भाजी, औषधं, दूध जे काही असेल ते ठेवलं की पिशवी हलत डुलत वर जायची. रंगाऱ्यांच्या छातीला बाधेल म्हणून घरातले जुने रंगाचे डबेसुद्धा अक्कांनी त्याच पिशवीतून खाली पाठवले होते. ते बिचारे खिडकीतून आपले डबे जाताना बघत राहिले.

सुट्टीच्या दिवशी मुंगीताई त्या खिडकीखाली जाऊन उभी राहायची. अक्का वर, ही खाली. दोघींचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, त्यामुळे त्यांच्या घरात कुणाचं पोट बिघडलं इथपासून सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. वर्ष होत आलं तरी दोघींनी एकमेकींच्या हाताला हात लावला नव्हता. मुंगीताई मला गाडीत म्हणायची, की दिवसभर लोकांचे दंड धरते दादा, आणि माझ्याच बहिणीचा हात काही हाताला लागत नाही. असं म्हणून ती काचेबाहेर बघायची. मी गियर बदलायचो.

आणि चिठ्ठी निघाली ती नेमकी त्याच इमारतीची, त्याच दाराची.

मुंगीताईचा आनंद काय सांगू? चिठ्ठीलाही अक्कल असते म्हणाली. तिने अंगावरचा झगा बदलला, मुखपट्टी नवी लावली, हातमोजे नवे काढले. नळीवर त्या घराचा क्रमांक आधीच चिकटवला. दोन मजले ती माझ्यापुढे मुलीसारखी चढली. मी पेटी घेऊन धापा टाकत पोहोचेपर्यंत तिने दार वाजवलंही होतं.

आतून कडी काही निघाली नाही. दाराच्या मागून अक्का बोलल्या. आवाजात राग नव्हता, उलट जरा जास्तच मऊ होता. तू दिवसाला किती घरांत शिरतेस ते मला माहीत आहे, असं काहीसं त्या म्हणाल्या. मुंगीताईने नव्या हातमोज्यांचं सांगितलं, झग्याचं सांगितलं, फक्त उंबऱ्यावर हात पुढे कर म्हणाली, आत पाऊल टाकत नाही म्हणाली.

"लस येऊ दे गं," अक्का म्हणाल्या. "मग राहायलाच ये. आत्ता तू नको."

"आत्ता तू नको" हे तिला फार लागलं. साऱ्या शहराची दारं हिच्यासाठी उघडत होती, आणि सख्ख्या बहिणीच्या दारात हिला कडीकडे बघत उभं राहावं लागत होतं. तिचे कान लाल झाले होते, मुखपट्टीबाहेर तेवढेच दिसत होते.

तेवढ्यात मागचं, समोरच्या घराचं दार उघडलं. तिथे केस कापणाऱ्या बाई राहत. बाहेरची दुकानं बंद पडल्यापासून त्यांनी घरातच खुर्ची मांडली होती, आणि गल्लीतले अर्धे लोक तिथे येऊन गेलेले. बाई कात्री हातात घेऊनच आल्या. आमचं घ्या की, म्हणाल्या, आम्हालाही कळू दे आमच्या अंगात काय आहे ते. हात तर त्यांनी बाही वर सारून पुढेच केला होता.

मुंगीताईने बंद दाराकडे बघितलं, हातातल्या नळीकडे बघितलं, आणि समोर गेली. दंडाला पट्टा, दोन बोटं, केस कापायचे किती घेता हो तुम्ही, आणि नळी भरली. नळीवर क्रमांक अक्कांच्या घराचा, आत रक्त केसवाल्या बाईंचं. पेटी बंद करून आम्ही उतरलो. मला तर ती हुशारीच वाटली, कारण पुन्हा येण्याचे जिने वाचले होते. ती मात्र गाडीत बसल्यावर, अक्काला फारच भीती बसली आहे, एवढंच म्हणाली.

त्यानंतर दार नाही उघडलं की समोरचं किंवा बाजूचं, अशी तिला सवयच लागली. रिकामी नळी न्यायची नाही हा तिचा बाणा होताच. आणि ती एकटी नव्हती. संध्याकाळी पथकं परत आली की कळायचं, सगळ्यांच्याच पेट्या भरलेल्या. एवढी दारं बंद असताना पेट्या भरल्या कशा, हे कुणी विचारलं नाही. भरलेल्या पेटीला प्रश्न कोण विचारतो?

महिन्याभरात आकडा जाहीर झाला. आमच्या भागात चारातल्या तिघांना विषाणू भेटून गेला होता. पेपरात ते मोठ्या अक्षरांत आलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून लोकांचा जीव भांड्यात पडला. मुखपट्ट्या हनुवटीवर आल्या, मग खिशात गेल्या. चहाच्या टपरीवर कुणीही कुणाला सांगायचं, की आता पसरायला त्याला माणूसच उरला नाही. आमच्या पथकांचं कौतुक झालं. मुंगीताईला एक फुलांचा गुच्छ मिळाला, तो तिने गाडीत माझ्या समोरच ठेवला आणि मला दोन दिवस शिंका येत राहिल्या.

पुढच्या सुट्टीला तिला खिडकीखाली सोडायला मीच गेलो होतो. पिशवी खाली आली, हिने औषधं ठेवली, पण अक्कांनी पिशवी वर ओढली नाही. दोरी हातात धरून त्या नुसत्या वाकून उभ्या होत्या.

"खरं आहे का गं ते पेपरातलं?" त्यांनी विचारलं.

"मी स्वतः मोजलंय, अक्का," ही म्हणाली. "आपल्या गल्लीतसुद्धा. आता घाबरू नकोस, उघड दार."

अक्का खिडकीतून दिसेनाशा झाल्या. पिशवी खालीच लोंबकळत राहिली. थोड्या वेळाने जिन्यावर चपलांचा आवाज आला, अडखळत, एक एक पायरी करत, कारण वर्षभरात त्या एवढ्या पायऱ्या उतरल्याच नव्हत्या. शेवटच्या पायरीवर येऊन त्या बसल्या. मुंगीताई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. अक्कांनी तिचे हात हातात घेतले, उलटे केले, आणि हातमोज्यांनी कातडी कशी कोरडी करून टाकली आहे म्हणून तिला रागावू लागल्या. रागावताना दोघीही रडत होत्या. मी गाडीचं बॉनेट उघडून त्यात उगाच डोकं घातलं. इतका चांगला दिवस त्या वर्षात मी दुसरा बघितला नाही, आणि आज तोच आठवायला सगळ्यात जड जातो.

अक्का हळूहळू बाहेर पडू लागल्या. आधी समोर जाऊन केस कापून घेतले, वर्षाचे वाढलेले. मग चष्म्याच्या काचा बदलून आणल्या. मग भाजीला स्वतः जाऊ लागल्या, आणि पिशवीतून वर आलेल्या भाजीत वर्षभर किती फसवलं गेलं ते भाजीवाल्याला ऐकवून आल्या. मुंगीताई दर सुट्टीला जेवायला वर जायची. खाली उभं राहून ओरडायची गरज संपली, आणि गल्लीला त्यांच्या घरातल्या बातम्या कळेनाशा झाल्या.

दुसरी लाट आली ती याच सुमारास. पसरायला माणूस उरला नाही म्हणत होते ना? त्याला बरोबर सापडली ती उरलेली माणसं. आता सरळ दिसतं ते. रक्त द्यायला दार कोण उघडतो? ज्याच्या घरी चार माणसं येतात-जातात, ज्याला भीती नाही, तो. म्हणजे ज्याला विषाणू आधीच भेटलाय, तोच बहुतेक. आणि जो वर्षभर दार लावून बसला, ज्याला तो भेटलेलाच नाही, तो आपल्यालाही दार उघडत नाही. आम्ही उघड्या दारांचं रक्त मोजलं आणि तो आकडा बंद दारांनाही लावून टाकला. मग ती दारं उघडली.

ताप आधी रंगाऱ्यांना आला. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण चार दिवस खोकून ते उठून बसले, डॉक्टरही चकित झाले. ज्यांच्यासाठी दार लावलं होतं ते तरले, आणि लावणाऱ्या अक्का पडल्या. त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं, मीच आणलं. मुंगीताईची नेमणूक तेव्हा दुसरीकडे होती. ती भांडून तिथे आली.

आत सगळे नखशिखांत झाकलेले असायचे, डोळ्यांवरही जाड चष्मे, कोण कोण आहे ते कळायचं नाही. अक्कांनाही कळलं नव्हतं. रक्त घ्यायला कुणीतरी आलंय एवढंच त्यांनी बघितलं आणि मान वळवली. हिलाही बोलवेना. तिने पट्टा बांधला, दोन बोटं ठेवली, सुई लावली.

"मुंगी," अक्का डोळे मिटूनच म्हणाल्या. "तूच ना?"

हे तिने मला नंतर सांगितलं, एकदाच. त्यापुढे अक्का काय बोलल्या, काही बोलल्या का, ते मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात अक्का गेल्या. लस आली ती त्यानंतर लगेच, अगदी हातातोंडाशी आली होती. आधी दवाखान्यातल्या लोकांना द्यायची होती म्हणून पहिल्या काही जणांत मुंगीताईचा दंड होता. लस टोचणारी मुलगी तिला हसून म्हणाली, काही नाही ताई, मुंगी चावेल. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मग एके दिवशी ती मला म्हणाली, गाडी आकडेवाल्या बाईंच्या ऑफिसवर घ्या. मीही तिच्याबरोबर आत गेलो, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला तिला एकटं सोडवेना. ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगून टाकलं, की कुठल्या घराचं रक्त कुठल्या क्रमांकाच्या नळीत गेलं, आणि तसं तिने आणखी किती ठिकाणी केलं. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्यांना शंका आलीच होती म्हणाल्या, बंद घरं इतकी थोडी कशी, म्हणून त्यांनी वर विचारलंही होतं, पण आकडा तोवर पेपरात गेला होता. आणि तुमच्या तेवढ्या नळ्यांनी काही आकडा फिरला नाही, त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, तुमच्या एकटीमुळे नाही झालं हे.

"मी आकड्याचं नाही बोलत, बाई," मुंगीताई म्हणाली. "मी अक्काला म्हणाले होते, मी स्वतः मोजलंय."

बाईंनी तिला पाणी दिलं, आणि म्हणाल्या, दुसरी फेरी करायची आहे, निवडलेल्या त्याच घरांत पुन्हा जायचंय, तुम्ही नाही आलात तरी चालेल. ती म्हणाली, येते.

दुसऱ्या फेरीतली मुंगीताई वेगळीच होती. दार बंद असलं की ती पायरीवर बसायची. परत जायची, परत यायची. दाराबाहेरून नुसतं बोलायची, आत येत नाही, हात बाहेर काढा, खिडकीतून काढा, तुमची मर्जी नसेल तर तेही नको. काही दारं उघडली. बरीच नाही उघडली. मग ती "बंद" लिहायची आणि रिकामी नळी माझ्या पेटीत ठेवायची, हळूच, काच नसूनही फुटेल अशी. त्या फेरीत आमची पेटी कधी भरली नाही. काम मंदावलं म्हणून तिला बोलणी बसली. दुसऱ्या पथकातला एक जण तिच्या पाठीमागे म्हणाला, बैल गेला नि झोपा केला. त्या दिवशी मी त्याला गाडीत घेतलं नाही, चालत ये म्हटलं.

अक्कांचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. ठेवून ठेवून किती दिवस ठेवणार? एका दुपारी आम्ही तो जिना चढलो. या खेपेला मी पुढे आणि ती मागे.

दार वाजवावं लागलं नाही. उघडंच होतं. आतून ताज्या रंगाचा वास येत होता. रंगारी जमिनीवर बसून दाराच्या आतल्या बाजूला रंग देत होते, हिरवा, अर्धं दार झालं होतं. श्वास शिटीसारखा वाजतच होता.

मुंगीताई दारातच थांबली. भावोजी, हा वास छातीला बरा नाही, म्हणाली.

"रागावणारी गेली," ते म्हणाले, आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवून, हात पुसून खुर्चीवर बसले.

पुढचं तिला टाळता आलं असतं. कुणी बघायला येणार नव्हतं. पण तिने ते प्रत्येक दारात विचारलं होतं, आणि इथेही विचारलं, त्याच आवाजात, कागदाकडे बघत.

"घरात मोठी माणसं किती?"

रंगाऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. पिशवीची दोरी अजून खिडकीच्या गजाला बांधलेली होती.

"एक," ते म्हणाले.

चिठ्ठी टाकायची गरजच नव्हती. तिने दंडाला पट्टा बांधला, दोन बोटं ठेवली. ती खिडकीबाहेर बघेना, आणि भाजीबद्दलही विचारेना. बोटं इकडून तिकडे फिरत राहिली. तिला शीर अशी चाचपडत शोधताना मी पहिल्यांदाच बघत होतो. शेवटी सुई लागली आणि नळी भरू लागली. ती भरत असताना, खाली मान घालून, ती बोलली.

"भावोजी, मागच्या वेळी मी तुमचं घर मोजलंच नव्हतं. समोरच्यांचं रक्त तुमच्या नावावर घातलं."

मला वाटलं, आता हे हात झटकतील. त्यांनी हात हलवला नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "दाराच्या भोकाला डोळा लावून बघत होती ती. तुला परत पाठवलं म्हणून जीव लागत नव्हता तिचा. तू समोर सुई लावलीस तेव्हा हसली. मला म्हणाली, चला, त्यांचं घेतलं म्हणजे आपलंही त्यातच आलं."

मुंगीताईने सुई काढली. कापूस ठेवला. दाबून धरा म्हणाली, पण तो दाबून तिनेच धरला होता, आणि रंगाऱ्यांनी हिरवा रंग लागलेला आपला अंगठा तिच्या बोटांवर ठेवला. दोघं तसेच बसून राहिले. तिला हुंदका आवरला नाही, आणि तिने तो आवरायचा प्रयत्नही केला नाही. मी पेटीचं झाकण लावून बाहेर जिन्यावर आलो.

ती बाहेर आली तेव्हा समोरचं दार उघडलं. केसवाल्या बाईंना आमचा आवाज गेला असावा. त्यांनी अक्कांबद्दल दोन चांगले शब्द बोलून डोळे पुसले, मनापासून पुसले. मग नेहमीच्या सवयीने बाही वर केली. आमचंही घ्या ना, म्हणाल्या, मागच्या वेळी घेतलं होतं.

मुंगीताईने त्यांचा पुढे आलेला हात पाहिला आणि हलकेच त्यांची बाही खाली केली.

"नाही हो," ती म्हणाली. "तुमच्यावरून त्यांचं नाही कळत."

मग ती जिना उतरू लागली, आणि मी पेटी उचलून तिच्या मागून गेलो.